न भुंकणाऱ्यांचं घर

रफूवालीला भाड्याची खोली मिळत नव्हती, त्याचं कारण वकील.

वकील म्हणजे तिचा कुत्रा. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, आणि जातीचा पत्ता नाही. ती एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून रफूचं काम करायची. तिथे हॉटेलांच्या मळक्या चादरींची गाठोडी धुवायला यायची, आणि अशाच एका गाठोड्यातून काही वर्षांपूर्वी हे पिल्लू निघालं होतं. निघालं तेच भुंकत. इस्त्रीच्या वाफेवर याची हरकत, दार उघडलं तर हरकत, बंद केलं तर त्याहून मोठी. "ताई, हा वकील आहे वकील," असं तिचा धाकटा भाऊ म्हणाला आणि नाव चिकटलं.

पुढे त्याच भावाने आईवडिलांचं घर विकलं. बायकोमुलांना घेऊन तो उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये गेला. ताईसाठी त्याने बाल्कनीशेजारची लहान खोली ठेवली होती, अगदी पडदे लावून. फक्त इमारतीत कुत्रा चालत नव्हता.

"ताई, कुणाला तरी देऊन टाक. शेवटी जनावर आहे ते."

"तुझं लग्न ठरलं तेव्हा मला असंच कुणाला तरी देऊन टाकायचा विचार होता तुझा," ती म्हणाली. "त्याचं पुढे काय झालं?"

रफूवाली पन्नाशीला टेकली होती. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की 'वेळ नाही मिळाला' म्हणायची आणि सुईत दोरा ओवायला घ्यायची. तिला बिचारी म्हणायचं काही कारण नाही. तिच्या हातात कसब होतं. सिगारेटने जळलेला कोट असो की कसरीने खाल्लेली शाल, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून ती भोकावर पुन्हा कापड विणायची. गिऱ्हाइकाने कपडा उलटासुलटा करून पाहावा आणि भोक कुठे होतं ते त्यालाच सापडू नये, यात तिला आनंद. हीच तिची फुशारकी, आणि हीच पुढे तिला नडली.

खोल्या बघायला तिने एक दलाल धरला. दोन आठवड्यांत तो मेटाकुटीला आला. एक घरमालक म्हणाला, कुत्रा ठेवा की, फक्त घरात नको. मग कुठे, तर ते तुमचं तुम्ही बघा. एका मालकिणीने वकिलाचं वय विचारलं, मनाशी हिशेब केला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "मग तीन-चार वर्षांनी या ना. तोवर मोकळ्या झालेल्या असाल."

"बाई, दारुडा नवरा असता ना, तर कधीच बसवलं असतं तुम्हाला कुठेतरी," दलाल म्हणाला. "कुत्रा म्हटलं की लोक फोनच ठेवतात." मग डोकं खाजवत म्हणाला, "एक घर आहे. काकांचं, सगळे काकाच म्हणतात त्यांना. ते फक्त कुत्रेवाल्यांनाच खोली देतात."

"फक्त?"

"दुसऱ्या कोणाला देतच नाहीत. प्राणिप्रेमी माणूस."

इथेच तिने थांबायला हवं होतं. पण जिला दारं लावून घेतलेली बघायची सवय झालीये, ती उघड्या दाराला प्रश्न विचारत नाही.

घर गल्लीच्या टोकाला होतं, तीन मजली, जुनं पण स्वच्छ. काका दारातच उभे होते. उंच, किंचित वाकलेले, अंगात राखाडी स्वेटर आणि पायात रबरी तळव्यांच्या सपाता. बायको कधीच वारली होती, मुलं नव्हती.

"या बाई. आधी कुत्र्याला बघू, मग तुम्हाला."

वकिलाने हरकत घ्यायला तोंड उघडलं. काकांनी स्वेटरच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं काढलं, अर्धं तोडून त्याच्या नाकासमोर धरलं. भुंकणं घशातच राहिलं. वकिलाने अंडं खाल्लं आणि काकांकडे नव्या नजरेने पाहिलं.

"माझी अट एकच," काका म्हणाले. "भुंकायचं नाही. चावला तर चालेल, त्याला इंजेक्शन मिळतं. भुंकण्यावर काही मिळत नाही."

एकच म्हणाले, पण अटी आणखी निघाल्या. खोलीचं भाडं वेगळं, कुत्र्याचं वेगळं. अनामत दुप्पट, कारण नखांनी फरशी खराब होते. आणि एक किल्ली काकांकडे. "उद्या नळ फुटला, कुठे आग लागली, आणि तुम्ही कामावर. मुक्या जिवाने काय करायचं?"

तिला ते ऐकून बरं वाटलं. इतका विचार वकिलाचा आजवर कोणी केला नव्हता.

जिना चढताना तिला एक गोष्ट दिसली. प्रत्येक दाराखालच्या फटीत एक ओलं नाक होतं. फूं फूं करून वास घेत होतं, आणि दुसरा आवाज नाही. नवा कुत्रा जिन्यावरून जातोय, आणि घरातलं एकही कुत्रं भुंकत नाही. केवढी शिस्त, असं तिला वाटलं. वकील मात्र शेपूट पोटाशी घेऊन तिच्या पायात घुटमळत वर आला.

सुरुवातीचे महिने पैशाच्या ओढाताणीत गेले. घरात दूध येई ते वकिलाचं, ती कोरा चहा प्यायची. त्यातच त्याचा पडका कान वाहायला लागला. जनावरांच्या डॉक्टरने थेंब दिले, ते तिच्या चष्म्यापेक्षा महाग होते. म्हणून चष्मा पुढे ढकलला गेला. रफूवालीने चष्मा पुढे ढकलायचा म्हणजे गवयाने खोकल्याचं औषध पुढे ढकलण्यातला प्रकार, पण तिने ढकलला. रात्रीचं काम घरी आणायला लागली आणि कापड डोळ्यांच्या आणखी जवळ धरायला शिकली.

आणि वकिलाला गप्प बसायला शिकवलं.

काकांनीच रीत सांगितली. त्याचा गळा फुगतो ना, भुंकण्याच्या आधी, तेव्हाच अंडं दाखवायचं. आधी नाही, नंतर नाही. जवळ बोलवायचं, गुडघ्याशी बसवायचं, मग तुकडा द्यायचा. ती कोणतंही काम अर्धवट करणारी बाई नव्हती. कापडावर धागा धरावा तशा चिकाटीने तिने ते केलं. जिन्यावर पाऊल वाजलं की अंडं. गल्लीत मोटार थांबली की अंडं. हळूहळू वकील भुंकायचा थांबला, इतकंच नव्हे, तर परका आवाज आला की आपण होऊन यायचा, तिच्या गुडघ्याशी बसायचा आणि वर बघायचा. जिथे भुंकणं होतं तिथे आता काहीच दिसत नव्हतं. शिवणसुद्धा नाही.

"हात आहे तुम्हाला," काका म्हणाले. "इतक्या लवकर कुणाचा शिकला नव्हता."

ती चक्क लाजली.

मग एका संध्याकाळी ती घरी आली तर वकिलाने जेवणाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. आजारी म्हणावं तर नाक ओलं, डोळे स्वच्छ. तिने त्याचं तोंड दिव्याकडे वळवलं आणि मिशीच्या केसाला चिकटलेला पिवळा कण पाहिला. अंड्याचा बलक. त्या दिवशी तिने अंडं उकडलंच नव्हतं.

ती खाटेकडे वळली. चादर ती ताणून घालायची, लाँड्रीतली सवय. ताणलेल्या चादरीवर माणूस बसून गेला की मधोमध खळगा राहतो, हात फिरवून गेला तरी राहतो. तो होता. कप तिने सुलटा ठेवला होता, तो आता धुऊन उपडा ठेवलेला होता.

काही गेलं नव्हतं. तिने सगळं पाहिलं, तुटपुंजं सामान, बघायला वेळ लागला नाही. चोरी झाली असती तर बरं, असं तिला वाटून गेलं. चोराचं कारण तरी कळतं.

शेजारच्या खोलीत एक नर्सबाई राहायच्या. त्यांची कुत्री म्हातारी होती, डोळ्यांत फूल पडलेली, भिंतीला नाक लावून चालायची. सकाळी त्या जिन्याच्या कठड्यावर गणवेश वाळत घालत होत्या तेव्हा रफूवालीने विचारलं, "काका तुमच्याही खोलीत जातात?"

नर्सबाईंनी आधी जिन्याखाली पाहिलं. "सगळ्यांकडे जातात. काही घेत नाहीत हो. बसतात. चहा करून घेतात, कप धुतात. माझ्या कपड्यांच्या घड्या घालतात."

"घड्या?"

"माझ्यापेक्षा नीट." त्या हसल्या, पण चिमटा लावणारा हात थांबला होता.

"आणि तुम्ही काही म्हणत नाही?"

"म्हणून कुठे जाऊ, या आंधळीला घेऊन?" आता त्यांचा आवाज चिडका झाला. "तुम्हाला काय दहा खोल्या सांगून आल्या होत्या? एकट्या माणसाला घर मिळतं. कुत्र्यासकट माणसाला फक्त काका मिळतात. त्यांना ते पक्कं ठाऊक आहे."

रफूवाली खोलीत आली आणि दारापाशी उभी राहिली. फक्त कुत्रेवाल्यांनाच का, याचं उत्तर मिळालं होतं. जे सोडून जाऊ शकत नाहीत अशीच माणसं या माणसाने घरात भरली होती. आणि प्रत्येकाने आपापल्या हाताने, आपापल्या अंड्याने, आपला राखणदार गप्प करून ठेवला होता.

तिने भावाला फोन केला. सगळं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते फुसकं वाटायला लागलं, चादरीतला खळगा आणि उपडा कप.

"पण तो काही करतो का?"

"बसतो."

"तू असताना?"

"नसताना."

"मग ताई, म्हातारा माणूस, एकटा. कंटाळत असेल. आणि घरात एवढा कुत्रा असताना तू घाबरतेस कशाला?"

तिने फोन ठेवला.

त्याच सुमाराला काकांचं बोलणं बदललं. इतके दिवस 'बाई, तुम्ही' होतं. एका संध्याकाळी जिन्यात म्हणाले, "काय गं, आज उशीर केलास?" एवढंच. वयाने मोठा माणूस, अगं-तुगं केलं तर कोण काय म्हणणार? पण वर येऊन तिने दार लावलं आणि ते लागलंय ना, हे दोनदा ओढून पाहिलं. आपण किती वाजता येतो ते कोणीतरी लक्षात ठेवतं, आणि उशीर झाला तर त्याला चालत नाही.

तिने कडी विकत आणली. स्क्रू स्वतः पिळले. निदान रात्री झोप लागेल. दोनच रात्री लागली. तिसऱ्या दिवशी कामावरून परतली तर दाराला कडी नव्हती. स्क्रूंची भोकं पुट्टीने बुजवून वर रंगाचा हात मारला होता. तिने बोट फिरवलं, मग नख फिरवलं. कुठे काही लागेना. जन्मभर ती जे काम करत आली ते कोणीतरी तिच्या दारावर केलं होतं, आणि उत्तम केलं होतं. काढलेली कडी वर्तमानपत्रात गुंडाळून उशीवर ठेवलेली होती.

"दाराला भोकं नको पाडूस, बरं का," काका जिन्यात म्हणाले. अजिबात रागाने नाही. "उद्या आत आजारी पडलीस, कडी लावलेली असली, तर मी कसा येणार?"

मग तिने उलटं काम काढलं. वकिलाला पुन्हा भुंकायला शिकवायचं. अंडी बंद केली. रविवारी त्याला घेऊन दूर नदीकाठी गेली, झाडामागे लपली, काठी आपटली, परक्या आवाजात खोकली. वकील प्रत्येक वेळी शोधत आला, तिच्या गुडघ्याशी बसला आणि वर बघत राहिला. ती चिडली. "अरे, बोल ना काहीतरी. एवढी मोठी जीभ आहे ना तुला?" त्याने शेपूट हलवली. तेव्हा तिने आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं, हातपाय टेकले आणि स्वतः भुंकून दाखवलं. पहिलं जमलं नाही, खोकल्यासारखं झालं. दुसरं पोटातून आलं. वकील मागे सरकला, कान पाडून तिच्याकडे पाहू लागला, जशी काही म्हातारपणी आईच बिघडली आहे. ती गवतात बसून हसली. हसू बराच वेळ थांबेना आणि शेवटी ते हसू राहिलं नाही.

उसवलेलं शिवता येतं, पण तिचं रफू उसवता येत नसे. धागा कुठून सुरू झाला तेच सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. सकाळी लाँड्रीत निरोप पाठवला आणि ती पांघरूण घेऊन पडली. दुपारी अर्धवट झोपेत गुडघ्याला काहीतरी टेकलं. वकील. खाटेशी बसला होता, दाराकडे एकदा आणि तिच्याकडे एकदा बघत होता. पाऊल तिला ऐकू आलंच नव्हतं. किल्ली मात्र ऐकू आली.

काका आत आले, तिला पाहिलं आणि दचकले नाहीत.

"अगं, आहेस होय घरी? ताप का?" त्यांनी वळून दार लावलं. आतून किल्ली फिरवली आणि खिशात ठेवली. "झोप, झोप. मी बसतो."

त्यांनी खुर्ची ओढली, दार आणि खाट यांच्या बरोबर मध्ये. अंडं सोलू लागले. वकील उठून त्यांच्याकडे गेला, मध्येच थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग गेला.

"एरवी मी इथे बसतो तेव्हा वाटतं, तूही असायला हवी होतीस," काका म्हणाले. "आज बरं झालं."

हात पुसून ते उठले आणि त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. हाताला अंड्याचा वास होता. ताप बघायला इतका वेळ लागत नाही. तिने डोकं बाजूला घेतलं, हातही बरोबर आला.

ओरडायचं तिच्या मनात होतं. पण ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं? 'काय करताय' म्हटलं तर ते म्हणणार, ताप बघतोय. 'बाहेर जा' म्हटलं तर म्हणणार, घर माझं आहे. तिच्या प्रत्येक शब्दाला या माणसाकडे एक नीटनेटका शब्द तयार होता. शब्दांत मांडायला गेलं तर त्या खोलीत काही घडतच नव्हतं.

म्हणून तिने शब्द वापरले नाहीत. ती भुंकली.

पोटातून, नदीकाठी जमलं होतं तशी. घसा फाटेल असं. काकांचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. त्यांनी आधी वकिलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती उठून बसली होती, केस पिंजारलेले, डोळे तापाने लाल, आणि पुन्हा भुंकली. तिसऱ्या वेळी भिंतीपलीकडून उत्तर आलं. नर्सबाईंची आंधळी कुत्री. आधी गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज, मग दुसरा. मग खालच्या मजल्यावरचा कोणीतरी जाड्या. मग सगळं घर. किती वर्षांचं साठलं होतं कोण जाणे, दारांवर नखं, भिंती दणाणताहेत, आणि समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडताहेत. या घरातून आवाज आलेला त्या गल्लीने कधी ऐकला नव्हता.

काकांनी किल्ली काढली. घाईत कुलपाचं भोक सापडत नव्हतं. ते गेले, आणि एकेका दाराशी थांबून 'शू, शू' करत असलेले तिला ऐकू आले. खिशात किती अंडी असणार? एकाला गप्प करावं तर दुसरं सुरू होत होतं.

एकटा वकील भुंकला नाही. तिच्या गुडघ्याशी येऊन बसला आणि वर बघत राहिला.

दिवस कलताना दारावर टकटक झाली. काका 'उघड' म्हणाले नाहीत, किल्ली फिरवली नाही. बाहेरूनच आवाज आला. "उद्या खोली मोकळी करा, बाई." 'तुम्ही' परत आलं होतं.

सकाळी ती बोचकं आणि वकिलाला घेऊन निघाली, अंगात अजून कणकण होती. जिन्यात नर्सबाई कुत्रीला छातीशी घेऊन उभ्या होत्या. एका हाताने त्यांनी तिचं तोंड मिटून धरलं होतं.

"तुम्ही तर चाललात," त्या कुजबुजल्या. "हिचा आवाज त्यांनी ऐकला ना पण. आता आम्ही काय करायचं?"

"हात काढा तिच्या तोंडावरचा," ती म्हणाली. नर्सबाईंनी काढला नाही. खाली काका अंगण झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही. दलाल एका नव्या माणसाला घेऊन फाटकातून येत होता, त्या माणसाच्या हातात दोरी, दोरीला एक लहानसं पांढरं कुत्रं. ते जीव तोडून भुंकत होतं.

"दोरी सोडू नका, आणि इथे राहू नका," ती त्या माणसाला म्हणाली. "हा माणूस तुमच्या खोलीत येतो."

तो माणूस गोंधळला. त्याने दलालाकडे पाहिलं. दलाल हसून म्हणाला, "बाईंना ताप आहे." काकांनी झाडू ठेवला आणि स्वेटरच्या खिशात हात घातला.

लाँड्रीच्या दुकानदाराने तिला मागच्या खोलीत राहायला दिलं. जागा मिळेपर्यंत, असं दोघेही म्हणतात. गाठोड्यांवर गादी टाकली आहे. चष्मा अजून झालेला नाही. दुकानदार संध्याकाळी शटर अर्धं ओढून घरी जातो, आतलं कुलूप ती काम संपल्यावर लावते.

परवा ती एका कोटाच्या बाहीवर वाकली होती. वकील गाठोड्यावरून उतरला, न बोलता आला, गुडघ्याशी बसला. मान शटरकडे, मग तिच्याकडे. तिने कान दिला. काही ऐकू आलं नाही, रबरी तळव्यांचं तसंच असतं.

तिचा हात सवयीने अंड्यासाठी खिशाकडे गेला आणि थांबला. मग तिने सुई कापडात खोचून ठेवली, एक हात वकिलाच्या मानेवर ठेवला आणि छाती भरून श्वास घेतला.